आधी पैलवान व्हा, मग तालमीत या?

लोकांसमोर व्यायाम करायची लाज वाटते, असं कोणी बोलून दाखवलं की तीन सल्ले हमखास मिळतात. पहिला: मग घरातच कर की, कोणी अडवलंय? दुसरा: आधी चार-सहा किलो उतरव, मग बाहेर पड. तिसरा सर्वांत शहाणा समजला जातो: अगं, तुझ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही, हे सगळे तुझ्या मनाचे खेळ. सल्ला देणारी माणसं हितचिंतक असतात, म्हणून हे सल्ले निमूटपणे ऐकून घेतले जातात. माझं म्हणणं असं की तिन्ही चुकीचे आहेत, आणि तिसरा अर्धा खरा असल्यामुळे सर्वांत जास्त नुकसान करतो.

घरात कर, म्हणजे कोणत्या घरात? दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे गाद्या उचलल्याशिवाय हात पसरायला जागा होत नाही. दोरीच्या उड्या मारल्या तर खालच्या मजल्यावरून निरोप येतो. ज्या घरात जागा आहे तिथेही बाईला मोकळीक असतेच असं नाही. तिने चटई अंथरली की कुकर शिट्टी देतो, मुलाची रिक्षा येते, सासऱ्यांचा चहा राहिलेला असतो. घर ही तिची कामाची जागा आहे, आणि कामाच्या जागी स्वतःसाठी अर्धा तास काढणं किती अवघड, हे तिला विचारावं. शिवाय चालणं आणि धावणं घरात होत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन रस्ता आणि मैदान हेच आहे.

या सल्ल्याला कधीकधी संस्कृतीचा आधार दिला जातो. शरीराचं प्रदर्शन आपल्यात बसत नाही, व्यायाम कसा खासगी असावा, वगैरे. महाराष्ट्राच्या इतिहासात याला आधार सापडत नाही. इथला व्यायाम कायम चारचौघांतला. दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून उभं आहे आणि तिथला मल्लखांब येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालतो. मुली दोरीच्या मल्लखांबावर चढताना रस्त्यावरचा कोणीही थांबून बघू शकतो. अमरावतीत १९१४ साली निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवून आला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतःपुरते न ठेवता संस्थानाच्या शाळांत नेले. ही सगळी माणसं चारचौघांत घाम गाळत होती आणि त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही.

आता दुसरा सल्ला. आधी बारीक हो, मग बाहेर पड. कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत जाऊन बघा. पहिल्या दिवशी आलेल्या पोराचे हात काटकुळे असतात, जोर मारताना कंबर वर राहते, बैठका मोजता मोजता पाय थरथरतात. हे सगळं वस्ताद बघतो, मोठे पैलवान बघतात, बाहेर बाकावर बसलेले म्हातारे बघतात. त्या पोराला आजवर कोणी म्हटलं आहे का, की जा, आधी पैलवान हो आणि मग तालमीत ये? कच्च्या शरीरासाठीच तर ती जागा बांधलेली. हेलसिंकीत १९५२ साली कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधवही कधीतरी पहिल्यांदा चीत झाले असतील, आणि तेही लोकांसमोर. तालमीत हा नियम इतका स्पष्ट आहे की तो कोणाला सांगावा लागत नाही. मग बागेतल्या पायवाटेवर तो उलटा का होतो? तिथे सडसडीत माणूस निर्धास्त धावतो आणि ज्याला डॉक्टरांनी कालच साखर वाढल्याचं सांगितलं तो झाडाआडून चालतो. मैदानावर पहिला हक्क त्याचा आहे, कारण गरज त्याची मोठी आहे.

इथे एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली जुने प्रयोग एकत्र मांडून असं दाखवलं की, आजूबाजूला माणसं असली की अंगवळणी पडलेलं काम अधिक चांगलं होतं, पण नवं काम बिघडतं. म्हणजे नवशिक्याने एकांतात शिकावं, असं कोणी म्हणेल. मला ते निम्मं मान्य आहे. वजन उचलायची पद्धत, सूर्यनमस्कारातली पाठीची ठेवण, पोहण्यातला श्वास या गोष्टी जाणत्या माणसाकडून, कमी गर्दीत शिकाव्यात. पण चालणं हे कोणासाठी नवं काम आहे? ते तर वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून अंगवळणी पडलेलं असतं. झायोंक यांचा निष्कर्ष चालणाऱ्याच्या बाजूने आहे.

तालमीचं उदाहरण देताना एक गोष्ट मात्र स्वच्छ कबूल केली पाहिजे. तिचा उंबरा बायकांसाठी नव्हता. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे; महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ उजाडलं, तेव्हा सांगलीत प्रतीक्षा बागडी हिने गदा घेतली. मधल्या सहा दशकांत मुलांना उघड्या मैदानाची सवय लागली आणि मुलींना बघितलं जाण्याची धास्ती. तिसरा सल्ला नेमका इथे फसतो.

कोणी बघत नाही, या म्हणण्यामागे एक प्रसिद्ध प्रयोग आहे. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला अवघड वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा अंदाज टी-शर्ट घालणाऱ्यांनी केला. प्रत्यक्षात तो जेमतेम चौथा हिस्सा लोकांच्या लक्षात आला होता. हा अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून संकोची माणसांना दिलासा म्हणून सांगितला जातो. दिलासा खराच आहे. आपल्या सुटलेल्या पोटाकडे, लागलेल्या धापेकडे, जुन्या ट्रॅकपँटकडे आपण देतो तितकं लक्ष दुसरं कोणी देत नाही. बागेत चालणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्याचं कर्ज, त्याचा गुडघा आणि त्याच्या मुलाचे बारावीचे मार्क असतात.

पण चौथा हिस्सा म्हणजे शून्य नव्हे. आणि तो प्रयोग वर्गासारख्या खोलीत झाला. संध्याकाळी साडेसातला दिवे नसलेल्या रिंगरोडवर झाला नाही. तिथे बाजूने दोघं-तिघं मोटरसायकलवर येतात, वेग कमी करतात, काहीतरी बोलून जातात. त्या बाईला ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणणं म्हणजे घडलेली गोष्ट तिच्या तोंडावर नाकारणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२४ साली आला. त्यात २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची आणि ४२ टक्के पुरुषांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती, असं दिसतं. या फरकाचं सगळं खापर लाजेवर फोडता येणार नाही; वेळ, घरकाम, प्रवास ही कारणं आहेतच. तरी बाहेर पडल्यावर काय सोसावं लागतं याचा हिशेब त्यातून वगळताही येणार नाही.

गावाकडे तर बघण्याची तऱ्हा आणखी वेगळी. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बाई दोन किलोमीटर चालत गेली तर वाटेवर कोणी मान वर करत नाही. तीच बाई सकाळी रिकाम्या हाताने, साडीवर बूट घालून, डांबरी रस्त्याने झपझप निघाली की पारावरून प्रश्न येतो: काय वहिनी, घरी कामं नाहीत का? दोन्ही वेळेला पाय तेच, रस्ता तोच. फरक एवढाच की भारा दुसऱ्यासाठी होता आणि चालणं स्वतःसाठी आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांविषयी २०११ साली ‘व्हाय लॉइटर’ हे पुस्तक लिहिलं. बाई रस्त्यावर असेल तर तिच्याकडे दाखवायला काहीतरी काम असावं लागतं, हे त्यांनी उलगडून मांडलं आहे. हे महानगरापुरतं खरं नाही, तालुक्याच्या गावाला तर ते जास्तच लागू पडतं. म्हणून मला बारामतीच्या लता भगवान करे यांची गोष्ट सांगितली जाते तेव्हा अभिमानाबरोबर अस्वस्थताही येते. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून त्या उतारवयात नऊवारी नेसून, अनवाणी, शर्यतीत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२०मध्ये चित्रपटही आला. धावायला महागडे कपडे लागत नाहीत, हे त्यांनी सिद्ध केलं. पण बाईच्या धावण्याला गावाने टाळ्या वाजवाव्यात म्हणून तिचा नवरा आजारी असायला हवा का? स्वतःच्या गुडघ्यासाठी, झोपेसाठी, किंवा निव्वळ बरं वाटतं म्हणून कोणी धावली, तर त्याही धावण्याला तेवढाच मान मिळाला पाहिजे.

लोक बघतात, हे मी मान्य करते. तरीही बाहेरच पडावं असं माझं ठाम म्हणणं आहे, कारण बघणं हे नवलाईवर जगतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती रोज सकाळी चालणारी माणसं पाहा. काठी टेकणारे आजोबा, बुरखा घातलेल्या बायका, शंभर किलोंवरचे तरुण, घाईत साडी खोचलेल्या काकू, सगळे एकाच वाटेवर असतात आणि वळून कोणी बघत नाही. दादरची माणसं इतरांपेक्षा सभ्य आहेत म्हणून हे होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे सगळ्या आकारांची शरीरं चालली आणि त्यात बघण्यासारखं काही उरलं नाही. उलट, जानेवारीतल्या एका रविवारी मुंबई मॅरेथॉन असते तेव्हा जाड, थकलेल्या, म्हाताऱ्या, कुबड्या घेतलेल्या धावकांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बिस्किटं आणि संत्र्याच्या फोडी देतात. सोमवारी त्याच रस्त्यावर त्यातलीच एखादी व्यक्ती एकटी धावली तर पुन्हा नजरा वळतात. म्हणजे नजर बदलते ती संख्येने आणि सवयीने.

लाजेचंही तसंच. मानसोपचारात एक जुनं, पक्कं निरीक्षण आहे: ज्या प्रसंगाची धास्ती वाटते तो टाळला की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आणि ते सुटल्यासारखं वाटणंच पुढच्या वेळची धास्ती वाढवतं. प्रसंगात टिकून राहिलं, पुन्हा पुन्हा राहिलं, तर धडधड आपोआप उतरते. म्हणून ‘धीर आला की जाईन’ हा क्रम चालत नाही. जागा एकच ठेवावी, वेळही एकच. बागेचा रखवालदार पहिल्या आठवड्यात टक लावून बघतो; महिनाभराने तोच विचारतो, काय ताई, काल दिसला नाहीत? त्या प्रश्नात तुम्ही त्या जागेच्या झालेल्या असता. शक्य असेल तर जोडीने जावं. शेजारीण, जाऊ, नणंद, ऑफिसातली मैत्रीण, कोणीही चालेल. दोघी बोलत चालल्या की शेरा मारणाऱ्यालाही जरा विचार करावा लागतो. धावायचं असेल तर दिव्याच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश धावावं आणि पुढचे दोन खांब चालावं. धाप लागणार, चेहरा लाल होणार, कपडे चिकटणार. तसं झालं तर व्यायाम नीट चालला आहे असं समजावं.

आणि सगळा भार लाजणाऱ्याच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. जे आधीपासून मैदानावर आहेत त्यांच्याकडे माझी मागणी आहे. न मागितलेला सल्ला देऊ नका. नवख्या माणसाचा, त्याला न विचारता, व्हिडिओ काढू नका. त्याच्या घामावर तुमच्या करमणुकीचा हक्क नाही. ‘अरे वा, किती किलो कमी झालं?’ हेसुद्धा विचारू नका, कारण त्या कौतुकातून त्याला कळतं की इतके दिवस त्याचं वजन मोजलं जात होतं. नमस्कार करा, पुढे जा.

उरलेलं काम व्यवस्थेचं आहे. पुण्यासारख्या शहरात महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी उशिरा बंद होतात आणि थेट दुपारनंतर उघडतात. डबे, शाळा, आंघोळी आटपून अकराला मोकळी होणारी बाई कुलपासमोर उभी राहते. ओपन जिमची निळी-पिवळी यंत्रं बसवली जातात, पण जवळ दिवा नसतो, स्वच्छतागृह नसतं. गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान असतं. शाळा सुटली की त्याच्या फाटकाला कुलूप लागतं आणि बायका ट्रक जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने चालतात. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. पुढच्या महिलासभेत हा विषय लेखी मांडता येईल: मैदान सकाळी सहा ते साडेसात आणि संध्याकाळी सहा ते आठ उघडं राहील, दोन दिवे लागतील, किल्ली बचतगटाकडे राहील. ठराव झाला की त्याची नक्कल मागून घ्यावी आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला चार जणींनी फाटकाशी हजर व्हावं.