बेफाम ड्रायव्हर की बेफाम ठेका?

दिल्लीत किंवा तिच्या आसपास मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन शब्द हमखास वाचायला मिळतात : ‘बेफाम ड्रायव्हर’. ड्रायव्हर पळून गेला, ड्रायव्हरला अटक झाली, ड्रायव्हरला डुलकी लागली. बातमी तेथेच संपते. गाडीचा मालक कोण होता, ड्रायव्हर किती तास चाकावर बसला होता, त्याला पगार कोणत्या हिशेबाने मिळत होता, हे कोणी विचारीत नाही. कामगार चळवळीने मात्र ते विचारलेच पाहिजे. फेडरेशनच्या कामासाठी दिल्लीला जाणारा आमचा कार्यकर्ता नवी दिल्ली स्टेशनाबाहेर पडला की याच रस्त्यावर उतरतो, आणि दिल्लीतले आमचे रेल्वे व टपाल बांधव तर गाझियाबाद, फरिदाबाद, सोनिपतहून रोज याच गर्दीतून ड्युटीवर पोहोचतात.

सरकारी आकडा पाहा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालात ‘अतिवेग’ या रकान्यात टाकलेले आहेत. दारू, उलट दिशेने गाडी हाकणे, सिग्नल तोडणे, मोबाईल यांचेही रकाने नियमभंगाच्या त्या तक्त्यात आहेत. ‘सलग चौदा तास काम’ असा रकाना त्यात नाही. ‘फेरीमागे मजुरी’ हाही नाही. जे मोजलेच जात नाही, त्याचा दोष कोणाला लागणार?

दिल्लीपुरते बोलायचे तर याचे उत्तर तिच्या बसच्या इतिहासातच आहे. दिल्ली परिवहन निगम म्हणजे डी.टी.सी. अपुरी पडते असे कारण सांगून १९९२ साली खाजगी मालकांना शहरातील मार्गांचे परवाने वाटण्यात आले. ही ‘रेडलाईन’. बहुतेक मालकांकडे एक किंवा दोनच बस. तिकिटाचा पैसा मालकाचा, आणि ड्रायव्हर-कंडक्टरची कमाई दिवसाच्या गल्ल्यावर अवलंबून. मग जे व्हायचे तेच झाले. पुढच्या थांब्यावरचे उतारू आपल्याच गाडीत यावेत म्हणून एकाच मार्गावरच्या दोन बस शर्यत लावू लागल्या. गाडी थांब्यावर पुरती थांबत नसे. म्हातारी माणसे, बाया, पोरे चालत्या बसमधून उतरत. गाडी भरेपर्यंत एका ठिकाणी खोळंबा आणि मग गेलेला वेळ भरून काढायला धावाधाव!

रेडलाईन बदनाम झाली, तेव्हा काय करण्यात आले? रंग आणि नाव बदलले! रेडलाईनची ‘ब्लूलाईन’ झाली, गल्ल्याचा हिशेब मात्र तोच राहिला. परिणामही तोच. २००७ साली या बसखाली वर्षभरात शंभरावर माणसे मेली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बदरपूर येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांवर बस चढली. उच्च न्यायालयाने कान उपटले, आणि राष्ट्रकुल स्पर्धांच्या काळात, म्हणजे २०१० पासून, या बस रस्त्यावरून हटू लागल्या. २०११ पासून आलेल्या ‘क्लस्टर’ योजनेत ठेकेदाराला तिकिटाऐवजी धावलेल्या अंतराच्या हिशेबाने पैसे मिळू लागले. बस रिकामी धावो वा भरलेली, दर तोच. थांब्यावरच्या शर्यतीचे मूळ कारणच त्यामुळे उरले नाही. चाकावर बसणारी माणसे त्याच गावांतून, त्याच वस्त्यांतून आलेली. त्यांचा स्वभाव बदलला नव्हता, पैसे मोजण्याची रीत बदलली होती. आमच्या मते दिल्लीच्या रस्त्यांनी देशाला दिलेला हा सर्वांत मोठा धडा आहे.

अर्थात तेवढ्याने सगळे साधले असे नाही. शर्यत गेली, ठेकेदारी राहिली. खुद्द डी.टी.सी.मध्ये वर्षानुवर्षे हजारो ड्रायव्हर-कंडक्टर कंत्राटावर राबत राहिले, आणि वेतन कापले गेले म्हणून ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना संपावर जावे लागले.

येथे कोणी म्हणेल, कडक शिक्षा करा म्हणजे ड्रायव्हर सुधारतील. शिक्षेला आमचा विरोध नाही. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी वझिराबादच्या पुलावरून शाळेच्या मुलांनी खच्चून भरलेली बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले गेली. त्या मुलांच्या आईबापांसमोर उभे राहून शिक्षा नको म्हणण्याची कोणाची छाती होईल? परंतु अपघातानंतर दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने जे आदेश दिले, त्यांचा रोख एकट्या ड्रायव्हरवर नव्हता. जड वाहनांना वेगनियंत्रक बसवा, शाळेच्या बसवर अनुभवी ड्रायव्हर ठेवा, असे न्यायालयाने बजावले. वेगनियंत्रक मालकाने बसवायचा असतो आणि ड्रायव्हर मालकाने निवडायचा असतो. जबाबदारी मालकापर्यंत पोहोचली पाहिजे हे न्यायालयाने ओळखले.

त्यानंतरचे कायदे उलट्या दिशेने गेले. २०१९ च्या दुरुस्तीने दंड कैक पटींनी वाढवले. भारतीय न्याय संहितेत धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रक ड्रायव्हर रस्त्यावर उतरले, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना सरकारला ते कलम बाजूला ठेवावे लागले. जखमीला टाकून पळणे हे अमानुषच आहे, त्याची तरफदारी आम्ही करणार नाही. पण ज्या मालकाने त्या माणसाला दोन रात्री जागवून गाडीवर बसवले, त्याला किती वर्षे?

झोपेचा प्रश्न कल्पनेतला नाही. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना एक्सप्रेस वे ऑगस्ट २०१२ मध्ये खुला झाला. सरळ, रुंद, एकसुरी रस्ता. ८ जुलै २०१९ च्या पहाटे लखनौहून दिल्लीकडे निघालेली बस आग्र्याजवळ कठडा तोडून नाल्यात पडली आणि २९ माणसे मेली. ड्रायव्हरला डुलकी लागली असे तेव्हा सांगण्यात आले. रात्रभर गाडी हाकणाऱ्या माणसाचे डोळे पहाटे मिटू लागतात, हे रात्रपाळी केलेल्या कोणाही केबिनमनला, आर.एम.एस.च्या सॉर्टरला सांगावे लागत नाही.

आणि येथेच रेल्वे कामगाराला आपल्या इतिहासाची आठवण व्हावी. आपल्या कामाचे तास कोणी दान दिलेले नाहीत. रेल्वेतील कामाच्या तासांचा १९४७ चा निवाडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या न्या. राजाध्यक्षांसमोर टपाल-तार कामगारांचाही तंटा गेला होता. १९७३ साली लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी संप करून दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन मिळवले. ८ मे १९७४ च्या ऐतिहासिक संपाच्या मागण्यांतही कामाचे तास होतेच. इंजिनावरचा माणूस ताजा असावा ही मागणी त्याच्या सोयीची जितकी, तितकीच मागच्या डब्यांतल्या उतारूंच्या जिवाची होती. रस्त्यावरच्या ड्रायव्हरसाठीही १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला : दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती. हा कायदा नंतर २०२० च्या कामगार संहितेत विलीन करण्यात आला. पण कागदावर काहीही असो, एका मालकाच्या चार गाड्यांवर राबणाऱ्या ड्रायव्हरचा ड्युटीचा तक्ता कोण तपासतो? त्याला ना रनिंग रूम, ना साईन ऑफ.

राहिला गर्दीचा प्रश्न. तोही याच हिशेबाशी जोडलेला आहे. रस्ता तुंबला की फेरी लांबते, आणि लांबलेल्या फेरीची वसुली मोकळ्या रस्त्यावर वेगाने होते. रस्ता तुंबतो कशाने? साठ माणसे नेणारी बस आणि एक माणूस नेणारी मोटार यांना एकाच रांगेत उभे केल्याने. २००८ साली आंबेडकरनगर ते मूलचंद अशा जेमतेम सहा किलोमीटरवर बसला वेगळी वाट दिली गेली. आखणीत चुका होत्या, त्या दुरुस्त करता आल्या असत्या. परंतु मोटारवाल्यांचा आरडाओरडा इतका झाला की २०१६ मध्ये ती वाट उखडण्यात आली. त्याच २००८ सालच्या जानेवारीत दिल्ली-गुडगाव एक्सप्रेस वे खुला झाला. उद्योगविहारच्या कारखान्यांत जाणाऱ्या पायी कामगाराला तो ओलांडायचा कसा, याचा विचार मागाहून झाला, आणि मधल्या काळात माणसे चिरडली गेली. दिल्ली आय.आय.टी.चे दिवंगत प्रा. दिनेश मोहन आयुष्यभर हेच मांडत राहिले की माणूस चुकणारच, म्हणून त्याच्या चुकीची किंमत मरण असणार नाही असा रस्ता बांधला पाहिजे. रेल्वेवाल्याला हे लगेच पटेल. सिग्नलचे इंटरलॉकिंग याच विचारावर उभे आहे.

दिल्लीला शहराभोवती फिरणारी रिंग रेल्वेही आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी तिच्यावरून उतारू गाड्या वाढवल्या गेल्या. पण स्टेशनापर्यंत धड रस्ता नाही, बसची जोड नाही, म्हणून ती ओस पडली. मेट्रो आली हे चांगलेच झाले. तरी हरियाणातून, उत्तर प्रदेशातून पासावर येणारा गरीब नोकरदार आजही लोकलसाठी तळमळतो, आणि ती न मिळाल्यास ‘वडाप’सारख्या खचाखच भरलेल्या गाडीत जीव मुठीत धरून बसतो.

हे सारे दूरच्या दिल्लीचे म्हणून सोडून देऊ नका. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ल्याला ‘बेस्ट’च्या भाडेतत्त्वावरील बसने माणसे चिरडली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण ड्रायव्हर ठेकेदाराचा होता, आणि त्याला नव्या गाडीचे शिक्षण किती दिवस दिले, हा प्रश्न तेव्हा सर्वांच्या तोंडी होता. ठेक्याचा रोग दिल्लीहून निघून आमच्या दारी आला आहे. टपाल खात्यात मेल मोटार सर्व्हिसचे काम ठेकेदाराकडे देण्याच्या गोष्टी निघतात, तेव्हाही हाच प्रश्न विचारा : चाकावरच्या माणसाचे तास कोण मोजणार?

दोन शब्द आपल्या स्वतःला. ड्युटीला उशीर झाला म्हणून उलट बाजूने मोटारसायकल घालणारे, हेल्मेट हँडलला अडकवून फिरणारे आपल्यातही आहेत. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला ‘आपला माणूस’ म्हणून सोडवायला युनियनचा पदाधिकारी पोलीस ठाण्यावर जातो, तेव्हा तो कामगारांची मान खाली घालतो. मालकाचा दोष दाखवणाऱ्याने स्वतःचा लपवू नये.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ड्रायव्हरला फेरीवर किंवा गल्ल्यावर मजुरी नको, महिन्याचा बांधलेला पगार हवा. त्याच्या तासांची नोंद हवी आणि ती तपासणारा निरीक्षक हवा. प्रत्येक अपघाताच्या चौकशीत ड्रायव्हरने आदल्या दोन दिवसांत किती काम केले हे लिहिले जावे, आणि तास ओलांडले असतील तर मालकही आरोपी व्हावा. बसला वाट आणि पायी माणसाला फुटपाथ मिळावा. आपल्या शाखांनी या मागण्यांचे ठराव करावेत आणि शेजारच्या एस.टी., बस व ट्रक कामगारांच्या युनियनांना बैठकीला बोलवावे. त्यांचे तास कमी झाले, तर संध्याकाळी आपण सुखरूप घरी पोहोचू.