विश्लेषण : आपला उमेदवार पडला, मग मत वाया गेले का?

पहिल्यांदा मतदान केले, शाईच्या बोटाचा फोटो स्टेटसला ठेवला, घरच्यांशी वाद घालून उमेदवार ठरवला आणि मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत तो पडला. महाराष्ट्रात २०२४ मध्ये जूनला एका बाजूच्या आणि नोव्हेंबरला दुसऱ्या बाजूच्या तरुणांनी हा अनुभव घेतला. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा जिंकणारी महाविकास आघाडी विधानसभेला २८८ पैकी ५० च्या आसपास अडकली. अशा निकालानंतर ‘आपल्या मताने काय फरक पडला’ हा प्रश्न तरुण मतदाराला पडतोच. त्याचे उत्तर काही अंशी आकड्यांत आहे, काही अंशी कायद्यात.

हरल्याचे इतके का लागते?

अमेरिकेतील २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर संशोधकांनी दोन्ही पक्षांच्या समर्थकांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला. जिंकलेल्यांना झालेल्या आनंदापेक्षा हरलेल्यांना झालेले दुःख कितीतरी मोठे होते. मात्र ते साधारण आठवड्याभरात ओसरले. अमेरिकेतील निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तिथे बहुतेक मतदार पिढ्यानपिढ्या एका पक्षाला बांधलेले असतात. इथे उमेदवारच निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलतात आणि निकालानंतरही बदलतात. त्यामुळे इथल्या तरुण मतदाराला पराभवापेक्षा ‘आपण नेमके कोणाला मत दिले होते’ हा प्रश्न अधिक छळत असावा. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी टाकलेले गुलालाचे व्हिडीओ वेगळेच.

एका मताची खरी किंमत किती?

मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघाचा २०२४ चा निकाल यासाठी पाहावा. ईव्हीएमच्या मोजणीत ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि शिंदे गटाचे रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मते होती, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते मिळाली आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, दिंडोशी, वर्सोवा या पट्ट्यात मतदान निम्म्याच्या थोडेसेच वर होते. ‘नोटा’ला पडलेली मतेही ४८ च्या कित्येक पट होती. कीर्तिकरांच्या ज्या समर्थकांना त्या दिवशी रांग मोठी वाटली, त्यांना हा आकडा बराच काळ आठवत राहील.

विधानसभेलाही मालेगाव मध्यमध्ये १६२ आणि साकोलीत २०८ मतांनी निकाल लागला. पण हे अपवाद आहेत. बहुतेक मतदारसंघांत फरक हजारोंचा असतो आणि तिथे एका मताने निकाल फिरला असता असे म्हणणे खोटे ठरेल. प्रचारात ‘तुमच्या एका मताने इतिहास घडेल’ असे सांगितले जाते. त्यावर विश्वास ठेवणाऱ्या नवमतदाराची निराशा मग दुप्पट होते.

मते सारखी, जागा वेगळ्या; असे कसे?

निराशेचे दुसरे कारण आपल्या निवडणूक पद्धतीत आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, बाकीच्यांच्या मतांचे जागांत रूपांतर होत नाही. २०२४ च्या विधानसभेत काँग्रेसला १२.४२ टक्के मते आणि १६ जागा मिळाल्या. शिंदे यांच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मते आणि ५७ जागा मिळाल्या. शरद पवार यांच्या पक्षाला ११.२८ टक्के मतांवर १० जागा, तर अजित पवार यांच्या पक्षाला ९.०१ टक्के मतांवर ४१. यात गैरप्रकार शोधण्याचे कारण नाही. महायुतीतील पक्षांनी कमी जागा लढवून मित्रपक्षांची मते एकमेकांकडे वळवली, तर आघाडीच्या पक्षांची मते अधिक मतदारसंघांत विखुरली. लोकसभेला दोन्ही बाजूंची मते जवळपास सारखी असताना हाच नियम आघाडीच्या पथ्यावर पडला होता. तेव्हा तो कोणाला अन्यायाचा वाटला नव्हता.

हरलेल्या उमेदवाराच्या मतांचे पुढे काय होते?

ती मोजली जातात, नोंदवली जातात आणि वापरली जातात. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते मिळाली तर उमेदवाराची अनामत रक्कम वाचते. राज्यात एकही जागा न जिंकता ८ टक्के मते मिळवणाऱ्या पक्षालाही राज्य पक्षाची मान्यता, म्हणजे राखीव चिन्ह मिळू शकते. पुढचे तिकीट कोणाला द्यायचे, कोणत्या वस्तीत शाखा काढायची, हे पक्ष याच आकड्यांवरून ठरवतात. केंद्रनिहाय मते ‘फॉर्म २०’मध्ये जाहीर होतात आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. आपल्या केंद्रावर आपल्या उमेदवाराला किती मते पडली हे पाहिले, तर ‘आपण एकटेच होतो’ हा समज बहुधा टिकत नाही. याला दुसरी बाजूही आहे. गावाने मते दिली नाहीत म्हणून रस्ता अडवणारे नेतेही हाच तक्ता पाहतात. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या ‘टोटलायझर’ यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने यासाठीच दिला होता, पण तो अमलात आलेला नाही.

पराभूत उमेदवार संपतोच असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये मुंबईतून आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले. राजस्थानात सी. पी. जोशी २००८ मध्ये नाथद्वारा मतदारसंघात अवघ्या एका मताने पडले, पुढच्याच वर्षी लोकसभेवर गेले, केंद्रात मंत्री झाले आणि २०१८ मध्ये त्याच नाथद्वाऱ्यातून निवडून येऊन विधानसभा अध्यक्ष झाले.

मोठा पराभव मात्र सभागृहात जाणवतो. विरोधी पक्षनेतेपदासाठी एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार लागतात, असा संकेत पुढे केला जातो. २०२४ नंतर विरोधातील सर्वात मोठ्या ठाकरे गटाकडे २० आमदार होते. परिणामी निवडणुकीनंतर विधानसभेतील हे पद रिकामे राहिले. विरोधकांना मते देणाऱ्या तरुणाचे खरे नुकसान इथे आहे, आणि निकालाच्या दिवशीच्या चर्चेत त्याचा उल्लेखही होत नाही.

निकालच पटत नसेल तर?

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी हे गाव इथे आठवते. तिथले मतदान ज्यांच्या बाजूचे समजले जात होते ते उत्तम जानकर माळशिरसमधून निवडून आले होते. तरीही गावात त्यांना मते कमी कशी, असा ग्रामस्थांचा सवाल होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी मतपत्रिकांवर स्वतःच पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि ते थांबवावे लागले. अशा खासगी मतदानाला कायद्यात स्थान नाही, हे खरे. पण आकड्यांवर प्रश्न विचारण्यासाठी कायद्याने दिलेले मार्ग ग्रामस्थांना आधी कोणी समजावले असते, तर पोलीस बंदोबस्ताची वेळ आली नसती.

ते मार्ग आहेत, पण त्यांना मुदत आहे. प्रत्येक केंद्रावर मतदान संपल्यावर एकूण मतांचा ‘फॉर्म १७ सी’ उमेदवारांच्या प्रतिनिधींना दिला जातो. मोजणीचा आकडा त्याच्याशी ताडून पाहता येतो. त्यासाठी प्रतिनिधी शेवटपर्यंत केंद्रावर बसलेला हवा, आणि अनेक पक्षांचे घोडे इथेच अडते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्रातील मतांशी जुळवल्या जातात. २६ एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत, स्वतःच्या खर्चाने, पाच टक्के यंत्रांच्या तपासणीची मागणी करता येते.

सर्वात कमी माहिती असलेली तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८१ मध्ये आहे. निकालाला आव्हान देणारी निवडणूक याचिका उमेदवाराप्रमाणेच त्या मतदारसंघातील कोणताही मतदार करू शकतो. निकालापासून ४५ दिवसांत ती उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. नुसता संशय चालत नाही. भ्रष्ट मार्गाचा अवलंब, मते चुकीने स्वीकारणे किंवा नाकारणे, नियमभंगामुळे निकालावर झालेला परिणाम, यांपैकी काही तपशिलासह मांडावे लागते. कायदा सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे सांगतो, प्रत्यक्षात अनेक याचिका सभागृहाची मुदत संपेपर्यंत रेंगाळतात. कीर्तिकरांची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

विधानसभेनंतर विरोधकांनी मतदार याद्यांवर मोठे आक्षेप घेतले, निवडणूक आयोगाने ते नाकारले. हा वाद ज्याला त्रास देतो, त्या तरुणाच्या हातात एक साधे काम उरते. यादी प्रसिद्ध होते तेव्हा स्वतःच्या केंद्राची पाने वाचायची आणि दुबार किंवा चुकीच्या नावावर ‘फॉर्म ७’ भरून हरकत घ्यायची. निकालानंतरच्या शंभर पोस्टपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

पुढच्या वेळी जायचे का?

आमदारकीला पन्नास हजारांनी हरलेल्या पक्षाचा समर्थक प्रभागात बहुमतात असू शकतो. स्थानिक निवडणुकीत मतदारसंघ लहान असतो आणि फरकही. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा या दोघांनाही ५,९४६ मते पडली. फेरमोजणीनेही प्रश्न सुटला नाही. शेवटी ईश्वरचिठ्ठी काढण्यात आली आणि शहा नगरसेवक झाले.