झोतभट्टीचे आयुष्य आणि संगणकाचे आयुष्य

भिलाईत वाढलेल्या माणसाला यंत्राच्या दीर्घायुष्याचे नवल वाटत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याने येथील तीन पिढ्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या. त्यामुळे यंत्र एकदा उभे केले की ते जन्मभर पोसते, असा एक समज आमच्या गावाच्या अंगवळणी पडला आहे. कर्जविभागात बसणाऱ्या माझ्यासारख्या अधिकाऱ्याला हा समज अनेकदा अर्जाच्या रूपाने समोर दिसतो.

काही दिवसांपूर्वी असाच एक अर्ज माझ्या टेबलावर आला. अर्जदार तरुण, अभियांत्रिकी पदविकाधारक. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. सुटे भाग आणून संगणक जुळवायचे, शाळांना व लहान उद्योगांना पुरवायचे आणि त्यांच्या देखभालीचे वार्षिक करार घ्यायचे, अशी त्याची योजना. हिशेब नेटका होता. परंतु कर्जाची मुदत सात वर्षांची मागितली होती. "साहेब, सात वर्षे मिळाली तर हप्ता झेपेल," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही मी लेखणी थांबवली, कारण मला एका कंपनीचा इतिहास आठवला.

ती कंपनी म्हणजे हिंदुस्तान कॉम्प्युटर्स लिमिटेड, अर्थात एचसीएल. १९७६ साली शिव नाडर, अर्जुन मल्होत्रा, अजय चौधरी आदी तरुण अभियंत्यांनी दिल्लीतील डीसीएम समूहातील नोकरी सोडली. प्रारंभी त्यांनी गणनयंत्रे विकून भांडवल जमवले आणि पुढे उत्तर प्रदेश सरकारच्या भागीदारीने संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकले. परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने १९७८ साली आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. बाजारात पोकळी निर्माण झाली. त्याच वर्षी एचसीएलने '८ सी' हा आपला सूक्ष्मसंगणक आणला. अमेरिकेत ॲपलचा दुसरा संगणक बाजारात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आयबीएमचा वैयक्तिक संगणक तर १९८१ साली आला. आपल्या देशातील मूठभर अभियंते त्या वेळी जगाच्या फारसे मागे नव्हते, ही गोष्ट अभिमानाने नोंदवावी अशीच आहे.

मात्र या यशाच्या पायाशी अभियंत्यांच्या बुद्धीबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे आयातीभोवतीची उंच भिंत. परवाने आणि भरमसाट जकात यांमुळे परदेशी यंत्र येथे सहजी येऊ शकत नव्हते. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने सुट्या भागांची आयात सुलभ केली आणि या भिंतीला पहिली खिंड पडली. एचसीएलने ती संधी साधून 'बिझीबी' हा वैयक्तिक संगणक बाजारात आणला. मुंबईची झेनिथ, बंगळूरची विप्रो अशा इतर देशी कंपन्याही याच काळात पुढे आल्या. डॉ. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत खातेवहीची यंत्रे येऊ लागली. आपल्यातील ज्येष्ठ सहकाऱ्यांना तो काळ आठवत असेल.

यानंतरची वाट खडतर होती. १९८९ साली एचसीएलने अमेरिकेत आपली यंत्रे विकण्याचा प्रयत्न केला, तो फसला. परंतु त्या अपयशातून सॉफ्टवेअर सेवेचा मार्ग सापडला. १९९१ साली हय़ूलेट-पॅकार्डशी भागीदारी झाली, ती त्याच दशकात संपुष्टात आली. १९९७ साली भारताने जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारावर स्वाक्षरी केली आणि २००५ पर्यंत संगणकावरील जकात शून्यावर आली. भिंत पडली. २००५ सालीच एचसीएलने दहा हजार रुपयांच्या आतील संगणक आणून सर्वसामान्य ग्राहकाची मने जिंकण्याचा प्रयत्न केला, पण एवढ्या कमी किमतीत नफ्याला जागा ती किती उरणार? अखेर २०१३ साली एचसीएल इन्फोसिस्टिम्सने संगणकनिर्मिती थांबवण्याचा निर्णय घेतला. सेवाक्षेत्रातील भगिनी कंपनी एचसीएल टेक्नॉलॉजीज मात्र देशातील अग्रगण्य माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत गणली जाते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. १९८१ साली हातात उचलून नेता येईल असा संगणक आणणारी अमेरिकेतील ऑस्बोर्न कंपनी दोनच वर्षांत, १९८३ साली दिवाळखोरीत निघाली. घराघरांत पोहोचलेली कमोडोर १९९४ साली बुडाली. या उद्योगात अग्रदूताला मान मिळतो, पण अभय मिळत नाही.

यावर काही जण म्हणतील, मग अशा धंद्याला बँकेने कर्ज द्यावेच कशाला? माझे मत नेमके याच्या उलट आहे. १९७६ साली त्या तरुणांकडे तारण ठेवण्याजोगे काय होते? अग्रदूताला नकार देणे कर्जविभागाला सोपे असते, कारण न दिलेले कर्ज कधी थकत नाही. परंतु त्या नकाराची किंमत देश मोजत असतो. २०२३ साली सरकारला लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर करावे लागले आणि देशांतर्गत निर्मितीसाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणावी लागली. ज्या वस्तू आपण १९७८ साली बनवू लागलो होतो, त्या पुन्हा बनवता याव्यात म्हणून हा खटाटोप आहे. म्हणून कर्ज द्यावे. मात्र ते झोतभट्टीच्या मापाने न देता संगणकाच्या मापाने द्यावे.

हे माप आयकर नियमांतही दिसते. सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के घसारा मिळतो, तर संगणकावर ४० टक्के. या दराने १०० रुपयांच्या संगणकाचे पुस्तकी मूल्य तीन वर्षांनंतर सुमारे २२ रुपये उरते. सात वर्षांचे कर्ज घेणारा उद्योजक मग शेवटची चार वर्षे जवळजवळ भंगाराचे हप्ते भरत राहतो. सुट्या भागांचा साठाही तसाच. गोदामात पडून राहिलेला भाग ताळेबंदात मालमत्ता दिसतो, बाजारात मात्र त्याला गिऱ्हाईक नसते. शिवाय धंदा एखाद्या भिंतीच्या आडोशाने उभा असेल, तर ती भिंत पडल्यावर आपण काय करणार, याचे उत्तर मालकाकडे पहिल्याच दिवशी असले पाहिजे. एचसीएलची यंत्रे काळाच्या ओघात गेली, पण संस्था तगली, कारण दुसरी वाट यंत्रे विकली जात असतानाच धरली गेली होती.

त्या तरुणाला मी पुन्हा बोलावले. उपकरणांसाठी तीन वर्षांचे लहान मुदत कर्ज, उरलेली गरज खेळत्या भांडवलातून आणि सहा महिन्यांपेक्षा जुन्या साठ्यावर उचल नाही, अशी नवी मांडणी आम्ही एकत्र बसून केली. तारणाच्या अडचणीसाठी लघुउद्योगांची पतहमी योजना होतीच. हप्ता जड होतो म्हणून तो प्रथम नाराज झाला. मग देखभाल करारांचे उत्पन्न आम्ही वेगळे मांडून पाहिले. पहिल्या वर्षी संगणकविक्रीतून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा ते कमी होते, तिसऱ्या वर्षी जास्त. कागदाकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, "म्हणजे साहेब, माझा खरा धंदा हा आहे."

तसे पाहता कर्जाची मुदत ठरवणे हा कोरडा कार्यालयीन विषय आहे. तथापि, ग्राहकाने अर्ज भरताना आणि अधिकाऱ्याने तो तपासताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हे यंत्र जुने होईल तेव्हा हा माणूस काय करीत असेल? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्याला तारणाअभावी परत पाठवणे बँकेला शोभणार नाही.