एक राणी, चार पुस्तके

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात माझ्या मावशीचे बिऱ्हाड आहे. कापड गिरणीमुळे वाढलेली ही वस्ती. राणी लक्ष्मीबाईंची समाधी याच शहरात, फुलबागेत. म्हणूनच की काय, मावशीच्या कपाटातली एक फळी राणीचीच! नाव एक, पण पुस्तकागणिक राणी वेगळी.

द. ब. पारसनीसांचे मराठी चरित्र १८९४ चे. झाशीचा कारभार राणीने इंग्रजांच्या वतीने सांभाळला, असे त्यांचे म्हणणे. वृंदावनलाल वर्मांना ते पटले नाही. त्यांचे पणजोबा राणीच्या बाजूने लढताना पडले होते. त्यांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीतली राणी स्वराज्यासाठीच लढते. महाश्वेतादेवींनी १९५६ च्या बंगाली चरित्रासाठी बुंदेलखंडात फिरून लोकगीते आणि आठवणी गोळा केल्या. वरसईचे गोडसे भटजी तर १८५८ च्या वेढ्यात स्वतः झाशीत होते. १९०७ साली छापलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये राणीबरोबर लुटली गेलेली साधी माणसेही भेटतात.

यातली खरी राणी कोणती, असे मुले विचारतात. मी सांगते, कादंबरी आवडीने वाचा, पण शेजारी चरित्रही ठेवा. कुठे जुळते, कुठे नाही, ते तुम्हीच शोधा.

आपल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांचेही तेच. १८२४ ची ती लढाई घरातली अज्जी कन्नडमधून सांगते, नातवंडे शाळेत मराठीतून वाचतात. वाचकहो, दोन्ही राण्या एकदा जेवणाच्या पानावर समोरासमोर येऊ द्या. मुले प्रश्न विचारतील. विचारू द्यावेत.