प्रत्येक विषयाला ग्रंथपाल हवा

येत्या 12 ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती. महाविद्यालयांत ग्रंथप्रदर्शने भरतील, प्रतिमापूजन होईल. या वर्षी त्याच दिवशी आपण एक निर्णयही घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. प्रत्येक विभागासाठी ग्रंथालयातली एक व्यक्ती लेखी आदेशाने नेमावी. ‘इतिहासाचं कोण बघतं?’ असे कोणी विचारले, तर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांकडून एकच नाव यावे.

आज बहुतेक ठिकाणी विभाग आणि ग्रंथालय यांची गाठ पडते ती खरेदीच्या यादीपुरती, तीही मार्चअखेरच्या घाईत. अभ्यासक्रम बदलल्याचे आपल्याला कळते ते विद्यार्थी काउंटरवर येऊन नवे पुस्तक मागतो तेव्हा. विषयाची जबाबदारी घेतलेला ग्रंथपाल मंजूर अभ्यासक्रम जूनमध्येच मिळवतो, त्यातली संदर्भयादी आपल्या ओपॅकशी ताडून पाहतो, विभागाच्या बैठकीला बसतो आणि काय आहे, काय नाही, कशाची आवृत्ती जुनी झाली आहे हे तिथेच सांगतो.

सदाशिव पेठेचेच उदाहरण घेऊ. टिळक रस्त्यावर 1916 पासून चालत आलेले सर परशुरामभाऊ महाविद्यालय आहे, त्याच रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरावर भारत इतिहास संशोधक मंडळ. अशा परिसरातला एखादा विद्यार्थी काउंटरवर विचारतो, “सर, पेशवाईवर काही आहे का?” आपण त्याच्या हाती गो. स. सरदेसाई यांची ‘मराठी रियासत’ ठेवतो आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळतो. विषयाचा ग्रंथपाल मात्र आधी विचारील, “लढाया हव्यात की महसूल? दरबार की शहर?” उत्तर ‘शहर’ असे आले, तर तो त्याला सरदेसायांनीच संपादित केलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या 45 खंडांपाशी नेईल, सूची कशी पाहायची ते दाखवील, मंडळाच्या त्रैमासिकाचे जुने अंक सुचवील आणि म्हणेल, “अस्सल कागद बघायचे असतील तर मंडळात जा, पण विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा आणि मोडी शिकायला आजच लाग.” जेमतेम दहा मिनिटांचे हे बोलणे, पण त्यातून त्या मुलाच्या प्रकल्पाला दिशा मिळते.

अशा कामाची परंपरा याच पेठेत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी 1910 मध्ये स्थापलेल्या मंडळात ग. ह. खरे यांनी आयुष्याची कित्येक दशके काढली. साधने सांभाळणारा आणि ती वाचणारा अभ्यासक तिथे एकच होता. मोडी, फारसी, मूर्ती, शिलालेख या सगळ्यांत त्यांची गती होती आणि नव्या अभ्यासकांसाठी त्यांनी ‘संशोधकाचा मित्र’ लिहिला. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची सूची 1943 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यावाचून मराठी विभागाचे आजही चालत नाही. जर्मनीतल्या विद्यापीठ-ग्रंथालयांत विषयतज्ज्ञ ग्रंथपाल हे स्वतंत्र पदच असते. विषयातली उच्च पदवी आणि वर ग्रंथालयाचे प्रशिक्षण, अशी त्याची तयारी असते. आपल्याकडे तसे पद निर्माण होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

कारण वेळ थोडा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा पदवी-आराखडा राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. क्षेत्रप्रकल्प आणि भारतीय ज्ञानप्रणाली अभ्यासक्रमात आले. पहिल्या तुकडीतले जे विद्यार्थी चौथ्या वर्षाला संशोधनाचा पर्याय घेतील, ते 2027-28 मध्ये आपल्या दारात उभे राहतील. एन-लिस्टचा पासवर्ड दिला आणि शोधगंगेचा पत्ता फलकावर लावला, एवढ्याने त्यांचे भागणार नाही. रसायनशास्त्राच्या मुलांना प्रात्यक्षिकाच्या तासाला जाऊन, त्यांच्याच विषयातला एक लेख शोधून दाखवणारे कोणी तरी हवे.

‘माणसं आहेत कुठे?’ हा प्रश्न आम्हांला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, एक ग्रंथपाल आणि दोन-तीन सहकारी यांच्यावर सारा गाडा चालतो. पदभरतीची मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तोवर विषय वाटून घेता येतील. भाषा एकाकडे, सामाजिक शास्त्रे दुसऱ्याकडे, विज्ञान तिसऱ्याकडे. ज्या साहाय्यकाने अर्थशास्त्रात एम. ए. केले आहे, त्याच्या पदवीचा उपयोग देवघेवीच्या काउंटरवर होत नाही. त्याला अर्थशास्त्र विभाग द्या. प्राचार्यांनी मात्र हे काम अधिकृत मानून त्यासाठी आठवड्याचे दोन तास राखून दिले पाहिजेत. हौसेवर टाकलेले काम पहिल्या परीक्षेच्या धावपळीत बंद पडते.

प्राध्यापक बंधुभगिनींनाही एक सांगणे आहे. विषय शिकवण्याचा अधिकार तुमचाच आहे. ग्रंथपाल त्यात वाटा मागत नाही. प्रकल्पाचे विषय ठरवताना त्याला बोलवा, म्हणजे ज्या विषयाला साधनेच उपलब्ध नाहीत, तो विषय विद्यार्थ्याच्या गळ्यात पडणार नाही.

सगळे विभाग एकदम हाती घेऊ नका. या सत्रात एकच विभाग निवडा, त्याचा अभ्यासक्रम वाचा, बैठकीला जा आणि विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न वहीत टिपून ठेवा. सत्र संपल्यावर त्या नोंदी आमच्याकडे पाठवा, आम्ही त्या छापू. त्यांतून दुसऱ्या महाविद्यालयाला सुरुवात कुठून करायची ते कळेल.