वाचून दाखवा, बोलू नका

१८६० साली भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडून आपल्या माथी प्राप्तिकर मारणारे जेम्स विल्सन त्याच वर्षी कलकत्त्यात वारले. धान्यावरील आयातकराविरुद्ध झगडण्यासाठी त्यांनी १८४३ मध्ये लंडनात काढलेले ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक मात्र अजून चालू आहे, आणि २००७ पासून ते कानांनीही वाचता येते. दर आठवड्याच्या अंकातले लेख ध्वनिअंकात शब्दशः वाचलेले असतात. वाचणारे व्यावसायिक निवेदक असतात, विभाग छापील अंकातलेच असतात, आणि सगळे ऐकायचे तर साधारण आठ तास लागतात. आठ तास म्हणजे एका भरभक्कम कादंबरीचा ऐवज. तरीही जगभरचे वर्गणीदार हा ध्वनिअंक ऐकतात, कोणी गाडी चालवताना, कोणी भांडी घासताना.

यात तंत्राची नवलाई नाही. ध्वनिमुद्रण जुने आहे आणि मोबाइल सर्वांकडे आहे. दखल घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे: या साप्ताहिकाने ‘ऐकवणे’ आणि ‘बोलणे’ यांची गल्लत केली नाही. त्याचे पॉडकास्टही आहेत. २०१९ पासून रोजचा एक कार्यक्रम चालतो, आणि २०२३ पासून बहुतेक पॉडकास्ट ऐकायला पैसे मोजावे लागतात. पण तिथे गप्पा निराळ्या, अंक निराळा. अंकातला लेख वाचला जातो तेव्हा त्यात ‘म्हणजे बघा’ नसते, हशा नसतो, पाहुण्याला ‘फार सुंदर प्रश्न’ अशी पावती द्यायची संधी नसते. संपादकाच्या हाताखालून गेलेले वाक्य तसेच्या तसे कानावर येते.

मराठीत गाडी नेमकी इथे रुळावरून उतरते. नियतकालिकाने ‘ऑडिओ’ करायचे ठरवले की दोन खुर्च्या, दोन माइक आणि तासाभराची चर्चा एवढेच डोळ्यांसमोर येते. चर्चेला विरोध नाही. पण ज्या लेखावर लेखकाने पंधरा दिवस घालवले, ज्यातले आकडे कोणी तपासले, ज्यातला एक परिच्छेद संपादकाने निर्दयपणे कापला, तो लेख बाजूला ठेवून त्याच लेखकाला ‘तुमच्या लेखाविषयी सांगा’ म्हणायचे, यात ऐकणाऱ्याची फसवणूक आहे. लेखात ‘बहुधा’ असते, बोलण्यात त्याचे ‘शंभर टक्के’ होते. लेखात जिल्ह्याचे नाव असते, बोलण्यात ‘ग्रामीण भागात’ होते. तोललेले घरी ठेवून न तोललेले वाटायचे, असा हा व्यवहार आहे.

खरे तर आपल्याला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. पोथी वाचली जाते तेव्हा आधी ओवी येते, मग निरूपण. निरूपणकार कितीही रसाळ असो, ओवी गाळण्याची मुभा त्याला नसते. टिळकांच्या काळात ‘केसरी’ चावडीवर, पारावर वाचला जायचा तोही असाच. ज्याला अक्षरओळख होती तो वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. वादावादी व्हायची ती वाचून झाल्यावर. अग्रलेखाचा प्रत्येक शब्द निरक्षर शेतकऱ्याच्याही कानी पडत असे. आज साक्षर माणसासाठी आपण निरूपण तेवढे ठेवले आहे आणि ओवी गाळली आहे.

कागदावरून वाचलेल्या मराठीला श्रोता नाही, हेही खरे नव्हे. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचे घड्याळ चालत आले. सुधा नरवणे यांच्यासारख्यांचा आवाज घरातल्या माणसाइतका ओळखीचा होता. तिथे गप्पा नव्हत्या, कागदावरचा मजकूर नीट वाचला जात होता. २०२३ मध्ये हा वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा एवढी ओरड झाली की सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. नीट वाचलेल्या मराठीसाठी लोक भांडतात, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

शिवाय हा प्रश्न सोयीचा आहे तसाच हक्काचाही आहे. ब्रिटनमध्ये अंधांसाठी बोलकी पुस्तके १९३५ पासून आहेत. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि अपंग वाचकांना वापरता येईल अशा स्वरूपात साहित्य आणण्याची वाट मोकळी झाली. याच हेतूने २०१३ साली झालेल्या माराकेश कराराला पुढच्याच वर्षी मान्यता देणारा भारत हा पहिला देश. कायदा तयार, करार तयार. आता राहिले आपल्या साप्ताहिकांचे चालू अंक. अंध वाचकाला लेखाचा सारांश किंवा लेखकाशी गप्पा देऊन भागत नाही. शेजाऱ्याने जे वाचले तेच, तेवढेच आणि त्याच आठवड्यात त्याला मिळायला हवे. तरच त्या दोघांत वाद होऊ शकतो, आणि चालू घडामोडींचे साप्ताहिक निघते ते अशा वादांसाठीच.

मग अडते कुठे? पैशांवर अडते, असे सांगितले जाते. खरी अडचण वाक्यांची आहे. विल्सन यांचे जावई वॉल्टर बॅजट हे १८६१ ते १८७७ या काळात ‘द इकॉनॉमिस्ट’चे संपादक होते. माणसे एकमेकांशी बोलतात तसे सरळ, चित्र उभे राहील असे लिहावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे दीड शतकानंतर त्या साप्ताहिकाची वाक्ये माइकसमोर नेताना कोणाला घाम फुटला नाही. आपल्या वैचारिक लेखनाचे काय? एका वाक्यात तीन ‘जे-ते’, दोन कंस आणि शेवटी क्रियापद. ते येईपर्यंत कर्ता कोण होता हे वाचणाराच विसरलेला. ‘वर म्हटल्याप्रमाणे’ हे शब्द ऐकणाऱ्याने कुठे शोधायचे? ‘सोबतचा तक्ता पाहा’ म्हटल्यावर गाडी चालवणाऱ्याने काय पाहायचे? डोळा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचतो आणि लेखकाचा आळस झाकून घेतो. कान ही मेहरबानी करत नाही. म्हणून ध्वनिआवृत्ती ही श्रोत्याची सोय होण्याआधी संपादकाची परीक्षा ठरते. मुद्रणापूर्वी लेख एकदा मोठ्याने वाचायचा आणि जिथे वाचणारा अडखळेल तिथे वाचणाऱ्याला नव्हे, वाक्याला दुरुस्त करायचे, एवढा नियम केला तरी छापील अंकही सुधारेल.

आवाज कोणाचा, हा पुढचा प्रश्न. ‘द इकॉनॉमिस्ट’मधल्या लेखांवर लेखकाचे नाव नसते, साप्ताहिक एकाच ‘आम्ही’ने बोलते. त्यामुळे कोणाही सुजाण निवेदकाचा आवाज त्याला शोभतो. डेन्मार्कच्या ‘झेटलँड’ या नियतकालिकाने उलटी वाट धरली. तिथे पत्रकार आपला लेख स्वतः वाचतात, आणि तिथले बहुसंख्य सभासद वाचण्यापेक्षा ऐकणेच पसंत करतात. मराठी साप्ताहिकांत बहुतेक लेखांवर नाव असते आणि पुष्कळ लेख प्रथमपुरुषी असतात. तेव्हा अग्रलेख कसलेल्या निवेदकाकडे द्यावा, आणि ज्याने दुष्काळी तालुका फिरून लिहिले त्याचा लेख त्याच्याच तोंडून यावा. त्याच्या बोलण्यात सोलापूर किंवा भंडारा डोकावला तर बिघडले काय? उलट मजकूर कुठून आला हे न सांगता कळेल.

‘यंत्राकडून वाचून घेऊ, फुकटात होईल’ हा मोह आता दारात उभा आहेच. छापलेला मजकूर कुणाच्याच कानी न पडण्यापेक्षा यंत्राने वाचलेला बरा, हे मान्य. अंध वाचक वर्षानुवर्षे यंत्राच्या आवाजावरच भागवत आले आहेत. पण मराठी लिपी उच्चाराच्या बाबतीत वाटते तितकी भोळी नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च कागदावर एक, तोंडात दोन. ‘जरा थांबा’मधला ज आणि ‘जरा-मरण’मधला ज यांचेही तसेच. ‘१.५ कोटी’ छापले असेल तर मराठी माणूस ‘दीड कोटी’ म्हणतो. यंत्राने ‘एक पॉइंट पाच कोटी’ म्हटले तर आकडा चुकत नाही, कान मात्र चमकतो, आणि तेवढ्यात पुढचे अर्धे वाक्य निसटते. यंत्र वापरायचेच असेल तर ऐकून दुरुस्त करणारा माणूस पगारावर ठेवावा लागेल. तो खर्च धरला की फुकट हा शब्द गळून पडतो.

आणि पैशांचेच बोलायचे तर ‘द इकॉनॉमिस्ट’चे टॉम स्टँडेज यांनी जाहीरपणे सांगितलेला अनुभव आपल्या व्यवस्थापकांनी ऐकण्यासारखा आहे: ध्वनिअंकाची सवय लागलेला वर्गणीदार सहसा वर्गणी मोडत नाही. कारण सरळ आहे. वर्गणी मोडते ती बहुधा न वाचलेल्या अंकांच्या ढिगाकडे पाहून. गेल्या तीन महिन्यांचे अंक टीपॉयखाली पडले असताना पुढच्या वर्षाचे पैसे भरायला हात धजत नाही. प्रवासात अंक संपवता आला तर तो ढीग होत नाही. शिवाय अंकाला शेवट असतो. मोबाइलवरच्या बातम्यांना तो नसल्याने त्या ऐकून-पाहून माणूस थकतो, जाणता होतोच असे नाही.

सगळा अंक पहिल्याच दिवशी कोणी मागत नाही. दर आठवड्याला अग्रलेख आणि एक मोठा लेख, दोन्ही शब्दशः, अंकाबरोबरच आणि वर्गणीतच, एवढ्याने सुरुवात होईल. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. एक शांत खोली, एक बरा माइक आणि वाचण्याआधी लेख समजून घेणारा माणूस पुरतो. ‘लोक आता वाचत नाहीत’ ही तक्रार करण्याचा अधिकार संपादकांना त्यानंतर मिळेल. तोवर ज्याला स्वतःचाच अग्रलेख मोठ्याने वाचताना मध्येच दम लागतो, त्याने वाचकाच्या घाईला बोल लावू नये.