मनिलाला निघण्यापूर्वी

बंगळूरच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत कितीतरी मराठी कुटुंबे नांदत आहेत. पुण्यात १९८१ साली जन्मलेली इन्फोसिस येथेच वाढली, विप्रोचेही येथे आवार आहे. या दोन्ही कंपन्यांची कार्यालये फिलिपाइन्समध्येही असल्यामुळे एखाद्या घरी मनिलाच्या बदलीची वार्ता येते आणि पापड, लोणची, मुलांचे शाळेचे दाखले यांची धांदल उडते. भाषेची चिंता मात्र कोणी करीत नाही. तेथे इंग्रजी चालते ना!

चालते खरे. अर्धशतकाच्या अमेरिकन अंमलात तेथील शाळांतून इंग्रजी रुजली. परंतु शब्द इंग्रजी असले तरी बोलण्याची रीत तेथलीच आहे, आणि नवागत फसतो तो नेमका येथे. ‘हिया’ हा त्यांचा शब्द आपल्या ‘भीड’ आणि ‘लाज’ यांच्या मध्ये कोठेतरी बसतो. वरिष्ठास तोंडावर ‘नाही’ म्हणणे जड जाते, म्हणून ‘प्रयत्न करतो’ असे उत्तर मिळते. पुष्कळदा तो नकारच असतो. रोखठोकपणाचा अभिमान बाळगणारा आपला मराठी अधिकारी चारचौघांत कोणाची चूक काढतो. समोरचा मंद हसतो. आपण त्याला दुखावले याचा अधिकाऱ्यास पत्ताही नसतो. दोष दाखवावयाचा तो एकांतात, हे आधीच ठरवून निघावे.

अमेरिकेच्या पीस कोअरचे पहिले स्वयंसेवक १९६१ साली फिलिपाइन्सला गेले, त्यापूर्वी त्यांना पेनसिल्व्हानियातील विद्यापीठात शिक्षण देण्यात आले होते. आपल्याला तसे विद्यापीठ नको. भाजीवालीशी कन्नडमध्ये बोलण्यापासून आरंभ करावा. दहा वर्षे येथे काढून ज्याला ‘कन्नड गोत्तिल्ला’ एवढेच येते, त्याला मनिलात तगालोग येईल अशी आशा मी तरी बाळगणार नाही.

वास्तविक ती भाषा आपल्याला तितकी परकी नाही. ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘मुखा’ म्हणजे चेहरा, ‘आसा’ म्हणजे आशा. बोलताना ‘पो’ घातले की आपले ‘अहो’ साधते. थोरल्या भावास ‘कुया’ व बहिणीस ‘आते’ म्हणतात, अपरिचितांसही. आपण दादा, ताई म्हणतो तसेच. (‘आते’ म्हणजे आत्या नव्हे, हे मुलांना बजावून ठेवावे.) लगूना प्रांतात सापडलेल्या ताम्रपटावर तर शक ८२२, वैशाख कृष्ण चतुर्थी, सोमवार अशी तिथी कोरलेली आहे. तो कर्जमुक्तीचा दाखला आहे.

शाकाहारी गृहिणींसाठी एक सूचना. भात, नारळ, चिंच, आंबा सारे तेथे मिळते. पण पालेभाजीतही ‘बागोओंग’, म्हणजे खारवलेल्या मासळीची वा जवळ्याची चटणी, असू शकते. तेव्हा जेवणाचे आमंत्रण स्वीकारतानाच आपला नेम सांगावा. वाढलेले ताट मागे सारण्यापेक्षा ते यजमानीणबाईंना पुष्कळ सुसह्य होते.